रामरावांनी नापास केलेली मशीन

केदारखेड्याहून निघतानाच रामरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. मशीन कशीही असो, ती नापास करायची आणि परत यायचं.

लेकीचा फोन आल्यापासून त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. राजनंदिनी बदनापूरला नोकरीला होती. एरवी तिचा फोन म्हणजे खाल्लं का, गोळी घेतली का, ठेवते. या वेळी मात्र आवाजात साखर.

"अण्णा, तुम्हाला तो गाड्यांचा खेळ लई आवडला व्हता न? इथं एकाकडं जुना कॉम्प्युटर हाय, स्वस्तातला. जुने खेळ त्याच्यावर चालतेत म्हणतो. तुम्ही या, चालवून बघा. चालला तर घरी न्या."

खेळ आवडला होता हे खरं. दोन वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा रामराव लेकीच्या घरी पडून होते. शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी त्यांना तो खेळ लावून दिला. परदेशातला काळाभोर रस्ता, कडेला समुद्र, आणि बाणांच्या चार कळांवर पळणारी लाल गाडी. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात, समोरची वाहनं डावीकडून अंगावर येतात. पहिल्या दिवशी रामरावांनी शिव्या घातल्या, दुसऱ्या दिवशी त्यांचा हात बसला, आणि टाके निघेपर्यंत त्या गल्लीत त्यांना हरवणारं कुणी उरलं नव्हतं.

पण ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आताच का आठवली हिला?

"तुला सांगतो कारभारी," जीप राजूरच्या बाहेर काढत रामराव म्हणाले, "ही पोरगी मला खेळणं देऊन राह्यली. लहान लेकराच्या हातातली सुरी काढून घ्यायची असली की कसं, आधी त्याच्या म्होरं खुळखुळा वाजवतेत."

"सायकलवाला हाय डावीकडं," कारभारी म्हणाला. "गेला. सुरी म्हंजी?"

"ही." रामरावांनी स्टेअरिंगवर थाप मारली.

कारभारी पन्नाशीचा, बिडी सोडून शेंगांवर आलेला गडी. केदारखेडा ते भोकरदन या फेऱ्यांमध्ये तो रामरावांच्या जीपमध्ये डाव्या खिडकीशी बसायचा, भाडं गोळा करायचा आणि हाका मारायचा. तसा त्या रस्त्यावरच्या प्रत्येक जीपला एक हाक्या असतो. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना सवाऱ्या कोंबलेल्या, आरसा कुणाच्या तरी पदराआड किंवा टोपीआड गेलेला. मग ड्रायव्हरनं उजवीकडचं बघायचं आणि डावीकडचं ऐकायचं. मोकळी हाय, येऊ द्या. म्हैस हाय, दमानं. या हाकांवर रामरावांची सारी उमर रस्त्यावर गेली होती. गाडीला गाडी लागली नव्हती कधी.

मागच्या महिन्यापर्यंत.

त्या दिवशी कारभारी मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. रामराव एकटेच निघाले, आणि फाट्यावर एका दूधवाल्याची मोटारसायकल त्यांच्या डाव्या बाजूला घासली. माणसाला खरचटलं नाही, पण कॅन कलंडला. रस्त्यावर दूध पसरलं आणि कुत्री गोळा झाली. "कुठून उगवलं कुणास ठाऊक," रामराव तेव्हाही म्हणाले आणि नंतरही प्रत्येकाला तेच सांगत राहिले. ही बातमी बदनापूरला कुणी पोचवली असेल? बायकोनं, पुष्पाबाईंनीच. दुसरं कोण.

बायकोवरही त्यांचा सध्या संशय होता. सकाळी डबा बांधून देताना ती ओवी गुणगुणत होती. जातं घरातून जाऊन जमाना झाला, पण पुष्पाबाईंच्या ओठावरची पीठगिरणी काही बंद पडली नव्हती.

धुराळा उडवीत, कोन येतो उतारानं
बाई जीप माझ्या धन्याची, वळखीली मी नादानं

लग्नाच्या नव्या नवाईतली ओवी ही. मधल्या सगळ्या वर्षांत ती कुठं गेली होती, आणि आजच नेमकी कशी परत आली? बाई माणूस उगीच गोड गात नाही, असं वाटून रामरावांनी डबा घेताना तिच्याकडं नीट निरखून पाहिलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला. हसायला लावला की डोळ्याला, ते काही कळलं नाही.

*

दुकान स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला होतं. ऋषी नावाचा तिशीतला माणूस जुने कॉम्प्युटर आणायचा, धुऊन पुसून, एकाचं काळीज दुसऱ्याला बसवून पुन्हा चालते करायचा. रामरावांना त्याचं हसू पहिल्यापासूनच पटलं नाही. विकणाऱ्यानं इतकं हसू नये.

राजनंदिनी आधीच येऊन बसली होती. "या अण्णा. पाणी घ्या."

"पाणी नको. मशीन दाखव."

ऋषीनं टेबलावरच्या काळ्या डब्यावर हात ठेवला. "काका, आधीच सांगतो, हा काही नवा घोडा नाही. एका ऑफिसातून निघालेला आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही याला. आजचे खेळ टाकले तर बसेल हा. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे गाड्यांचे खेळ आरामात ओढतो."

"आरामात ओढतो का रेटत नेतो, ते आम्ही बघू."

ऋषीनं खेळ सुरू केला. तोच काळा रस्ता, तोच समुद्र. स्वतः गाडी हाकत तो बोलत होता. "वर उजवीकडं हिरवा आकडा दिसतो का? एका सेकंदाला मशीन किती चित्रं काढते त्याचा आकडा आहे तो. हा पडला की गाडी अडखळते. बघा, पडतोय का?"

आकडा पडत नव्हता. रामरावांनी कारभारीला कोपर मारलं. "मालकाच्या हातात बैल नेहमीच शहाणा ऱ्हातो."

"मंग सोडा म्हणा कासरा," कारभारी म्हणाला.

बैलबाजारात रामरावांच्या वडिलांची रीत अशी, की बैल पसंत पडला तरी आधी मालकाला लांब उभं करायचं. मालकाच्या नजरेचा धाक निघून गेला की जनावर आपली खोड दाखवतं. रामरावांनी तेच केलं. ऋषीला उठवलं, दाराशी नेऊन उभं केलं, आणि रस्त्याकडं तोंड करायला लावलं.

"अहो काका, मी काय डोळ्यानं मशीन चालवणार आहे का?"

"तुमचं काही सांगता येत न्हाई. आजकाल लांबूनच सगळं करतेत." रामराव खुर्चीवर बसले. "नंदे, तू बी मागं सर. कारभारी, तू भाईर चहा सांग जा."

त्यांनी बोटं कळांवर ठेवली. हात विसरला नव्हता. लाल गाडी सुटली, वळण आलं, त्यांनी ते अलगद घेतलं, आणि त्या क्षणी त्यांना मशीन पास करावीशी वाटली. चाकाखाली रस्ता असा मऊ पळत होता, जसा पहाटेचा भोकरदनचा रस्ता पळतो, एकही सवारी नसताना.

धाड! समोर ट्रक. गाडी उलटली.

"कुठून आला हा?"

पुन्हा सुरू. पुन्हा मोकळा रस्ता, आणि पुन्हा धाड. आता एक पांढरी मोटार. रामरावांनी खुर्ची मागं ढकलली. मनातून त्यांना बरंच वाटलं. नापास करायला कारण शोधावं लागणार म्हणून ते आले होते, इथं मशीननं आपल्या हातानं कारण दिलं होतं.

"ए भाऊ, इकडं ये. तुझी मशीन गाड्या दाखवत न्हाई. एकदम नाकाम्होरं आणून उभ्या करती."

ऋषी लगबगीनं आला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा उतरलं होतं. जुन्या मशीनवर असं होतं कधी कधी, म्हणाला, लांबची चित्रं उशिरा उमटतात. त्यानं चित्राचा दर्जा कमी केला, सावल्या काढून टाकल्या, समुद्रही सपाट निळा झाला. हिरवा आकडा आणखी वर चढला.

धाड.

"दोन वर्षांखाली मी ह्योच खेळ खेळलो," रामराव म्हणाले. "तवा समोरची गाडी कोसावरून दिसायची. विचार हिला. अन् तवा एक नकाशा बी व्हता. कोपऱ्यात. पुढचं वळण कसं हाय ते कळायचं. तू तो काढून टाकला. हलकी कॉपी चिटकवून राह्यला का आम्हाला?"

"नकाशा आहे की, काका."

"कुठंय?"

"हा काय. खाली डावीकडं."

रामरावांनी मान वळवून तिकडं तोंड केलं. नकाशा होता. गोल, पिवळ्या रेघेचा, आत लुकलुकणारा ठिपका.

"आत्ता चालू केलास तू."

"देवाशपथ, मी हातसुद्धा लावला नाही."

"माझ्या म्होरं शपथा घालू नको. आत्ता नव्हता, आत्ता आला."

ऋषीनं मदतीसाठी राजनंदिनीकडं पाहिलं. ती वडलांकडं बघत होती. नकाशा बघायला त्यांनी डोळे नाही, सबंध मान फिरवली, हे तिनं पाहिलं होतं. हातातली पर्स तिनं हळूच टेबलावर ठेवली.

"दुसरी मशीन लावा," ती ऋषीला म्हणाली. आवाजातली साखर गेली होती.

ऋषीनं दुसरा डबा जोडला, पहिल्याहून भारी, एका गिऱ्हाइकासाठी बांधून ठेवलेला. खेळही दुसरा लावला, जंगलातल्या शर्यतीचा. रामरावांनी चार वळणं घेतली आणि डावीकडच्या झाडावर गाडी आपटली. मग दगडावर. मग पुन्हा झाडावर.

"ही बी तसलीच," ते म्हणाले. पण या वेळी बोलण्यात पहिला कस नव्हता. दोन वेगळ्या मशीन, दोन वेगळे खेळ, आणि खोड एकच. असं कसं होईल? हे दोघं मिळून करून राह्यले का काही?

कारभारी चहा घेऊन आत आला. "काय, बैल बसला का?" असं म्हणत तो पेले ठेवून खुर्चीमागं उभा राहिला. सवयीनं, रामरावांच्या डाव्या खांद्याशी. "पहिला खेळ लावा की. रामभाऊंची करामत बघू तरी."

ऋषीनं पहिला डबा पुन्हा जोडला. काळा रस्ता सुटला.

"ट्रक येऊन राह्यला डावीकडून," कारभारी म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीशी बसल्यावर तोंड चालायचं तसं ते चाललं. "दाबा उजवीकडं जरा. गेला. मोकळी हाय. पांढरी मोटार, दमानं. हां, गेली. मोकळी, मोकळी, जाऊ द्या."

आणि रामरावांनी जाऊ दिली. लाल गाडी पाण्यावरच्या बगळ्यासारखी निघाली. ट्रकच्या कडेनं, मोटारीच्या मधून, समुद्राच्या काठाकाठानं. पुढच्या गाड्या एकेक करून मागं पडल्या. शर्यत संपली तेव्हा पडद्यावर फटाके उडत होते.

"काका, पहिला नंबर!" ऋषी टाळ्या पिटत म्हणाला. "बघा, मशीनमध्ये काहीच खोट नाही!"

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. टाळ्या थांबल्या.

रामरावांनी कळांवरून हात काढले. "कारभारी, तो ट्रक तुला कुठं दिसला?"

"ह्यो काय. लांबूनच येत व्हता की."

"मला न्हाई दिसला."

त्यांनी खेळ पुन्हा सुरू करून मध्येच थांबवायला सांगितला. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या वेगाच्या काट्यावर नजर रोवली, उजवा डोळा तळहातानं झाकला. नकाशा नव्हता. उजवा सोडून डावा झाकला. नकाशा नव्हताच. एक डोळा कामातून गेला असता तर दुसऱ्यानं सांभाळून घेतलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. इथं दोघंही एकाच बाजूला फितूर झाले होते. तिथं काळोख नव्हता, धूसर नव्हतं. नुसतं काहीच नव्हतं, आणि काहीच नाही हे माणसाला दिसणार कसं?

"अण्णा," राजनंदिनी जवळ येऊन बसली. "थंडीत तुम्हाला एकदा चक्कर आल्ती. आई सांगत व्हती."

"पित्त व्हतं ते. उलटी झाली, सोडा घेतला, झोपलो. सकाळी गाडी काढली."

"डोकं दुखलं व्हतं? डोक्यातच काही झालं असंल तवा."

"नंदे, तू मला डॉक्टरावानी विचारू नको." मग त्यांच्या मनात ते सरळ उभं राहिलं. "तू मला तपासायला आणलं. मशीन तपासायची म्हणून माझी तपासणी केली."

"न्हाई अण्णा." ती कळवळून म्हणाली. "खोटं कशाला बोलू? गाडी कमी करा असं म्हणायचंच व्हतं मला. खेळात जीव रमला तर एखादी फेरी कमी होईल, एवढंच माझं नि आईचं ठरलं व्हतं. पण हे... हे मला बिलकुल ठाव नव्हतं."

रामरावांनी तिचा चेहरा वाचला. तिथं चोरी सापडली नाही. मग त्यांनी मान वळवली, कारण कारभारी डावीकडं होता आणि मान वळवल्याशिवाय तो आता त्यांना मिळत नव्हता.

"तुला ठाव व्हतं."

"काय ठाव व्हतं?" कारभारी गांगरला. "आवं, मी हाका मारतो ते तोंडाला खोड म्हणून. झोपेत बी मारतो, बायकोला विचारा. तुम्हाला दिसत न्हाई म्हणून मारतो, हे माझ्या मनात बी..." तो मध्येच थांबला. "एक बार मातर झाल्तं. शेंगा खाऊन राह्यलो व्हतो, तोंड भरलेलं. तुम्ही गाडी पार मुरमात घातली. मला वाटलं, मला भेवडवायची मस्करी करून राह्यले. तुम्ही बी हसले व्हते."

रामराव हसले होते खरे. आपण मुरमात कसे गेलो हे तेव्हा त्यांनाही कळलं नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीवर हसून मोकळं व्हायची त्यांची रीतच होती. मागच्या बाकड्यावर त्या दिवशी शाळेच्या पोरी होत्या. बाळंत होऊन माहेरी निघालेली कुणाची तरी सून होती, मांडीवर टोपडं घातलेलं लेकरू.

ते उठले आणि दुकानाबाहेर गेले.

*

जीप लिंबाखाली उभी होती. रामराव चढून आपल्या जागेवर बसले. कारभारी पळत आला आणि खिडकीशी बसला. राजनंदिनीनं दाराला हात घातला, तिला वाटलं निघालेच.

"चावी लावली न्हाई मी," रामराव म्हणाले. "उभी ऱ्हा. कारभारी, आता तोंड उघडायचं न्हाई. शेंग बी नको."

काचेतून ते समोर पाहत राहिले. रस्ता वाहत होता. उजवीकडं रिक्षा, चहाची टपरी, स्टेशनकडं धावणारी नोकरदार माणसं, सगळं लख्ख, पितळी भांड्यासारखं. समोर पुढच्या गाडीची पाठ. आणि डावीकडं शांत. डाव्या बाजूच्या जगानं जणू त्यांना न विचारताच दुपारची झोप घेतली होती. इतकी शांत बाजू चांगली नसते, एवढं आज पहिल्यांदा त्यांना उमगत होतं. आजवर ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला, या शांततेवर तेवढा घेतला नाही.

"सांग आता. काय काय गेलं?"

कारभारीनं बोटं मोजली. "एक एस्टी. दोन मोटारसायकली. पेरूची गाडी उभी हाय पयल्यापासून. अन्..."

"अन् काय?"

"एक म्हातारी चाललीय कडंकडनं. आपल्या बंपराला हात टेकून."

रामरावांनी मान वळवली. बाई तिथंच होती, हिरवं लुगडं, डोक्यावर पिशवी, टेकायला त्यांच्याच गाडीचा आधार. इतकी जवळ, की तिच्या दंडावरचं गोंदण वाचता यावं. गाडी चालू असती तर?

म्हातारी पुढं निघून गेली. ते खूप वेळ तसेच मान वळवून बसले. मग खाली उतरले.

ऋषी दारात उभा होता. "काका, गाडी मागच्या मोकळ्या जागेत लावू का? रात्रभर राहिली तरी हरकत नाही."

"चाकं काढून दुसऱ्या जीपला बसवशील. तुझा धंदाच तो."

"तुमच्या चाकांना कोण घेतंय, गुळगुळीत झालीत."

कारभारी फस्सकन हसला. रामरावांनी चावी ऋषीच्या हातावर ठेवली, पण चावीचा गोंडा काही क्षण त्यांच्या बोटांतच राहिला. "रिव्हर्स जड पडतो. क्लच पुरता दाब. आदळू नको."

डॉक्टरकडं जाताना राजनंदिनी त्यांचा हात धरायला आली, तो त्यांनी झटकला. मग दवाखान्याच्या पायरीशी फोन वाजला. पुष्पाबाई.

"अहो, झाली का मशीन बघून?"

"झाली."

"मंग? चांगली हाय का?"

"मशीन चांगली हाय. मीच नापास झालो."

"खरं सांगा. काय झालं? गाडी कुठंय?"

"उभी हाय."

"अन् तुम्ही?"

"मी बी उभाच हाय. दवाखान्याम्होरं. घाबरू नको, काही लागलं न्हाई कुणाला. डावीकडचं मला दिसत न्हाई, एवढंच. कवापासून ते ठाव न्हाई."

पुष्पाबाई रडली नाही. निदान फोनवर तरी तसं ऐकू आलं नाही. भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा.

"बसा तिथंच. येते मी."

"कशानं येती?"

"एस्टीनं. तुमच्या जीपची वाट बघत बसू का आता?"